मनाच्या ओपीडीत पहिल्यांदा जाताना

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)





दरवर्षी आपण आरोग्यावर एक भाषण ठेवतो. मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, हृदयविकार झाला. यंदा मला विषय मिळाला तो मनाच्या आजाराचा. फोनवर विषय सांगताना आपल्या चिटणीसांनीसुद्धा आवाज जरा खाली घेतला. विषय बरोबर निवडलाय, हे मला तेव्हाच पटलं.

आधी माझी ओळख. मी डॉक्टर नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या आरोग्य खात्यात लागलो आणि गेली वीसएक वर्षं औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभा आहे. कुणाला कोणता आजार आहे, हे सांगणं माझं काम नाही. पण खिडकीतून मला एक गोष्ट चांगली दिसते. कोण परत येतो आणि कोण येत नाही. बीपीचा पेशंट महिन्याला येतो. शुगरचा येतो. मनाच्या आजाराची पहिली चिठ्ठी घेऊन आलेले कितीतरी लोक मात्र दुसऱ्यांदा दिसतच नाहीत. आणि सहा-आठ महिन्यांनी दिसतात, तेव्हा दोघांनी धरून आणलेले असतात. म्हणून आज मी पहिली चिठ्ठी आणि दुसरी चिठ्ठी यांच्या मधल्या काळाबद्दलच जास्त बोलणार आहे.

आजार किती आणि उपचार किती

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत घरोघरी जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आपलं गुजरात होतं. प्रौढांमध्ये शंभरात जवळजवळ अकरा माणसांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारानुसार पाहिलं, तर त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आता हे सभागृह बघा. आपण दोनशे माणसं असू. हिशेब तुम्हीच करा.

ही माणसं ओळखू का येत नाहीत? कारण आपल्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. आपण म्हणतो, जीव घाबरतो, छातीत धडधडतं, डोकं जड आहे, हातपाय गळाले, अन्न गोड लागत नाही. मग ईसीजी होतो, पोटाची सोनोग्राफी होते, डोक्याचा फोटो निघतो. सगळं नॉर्मल येतं आणि घरचे म्हणतात, बघ, तुला काही झालेलं नाही, नाटकं करतोस. दुखणं खरं असतं, फक्त ते त्या फोटोत दिसत नाही.

जायचं कुठे

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी "ठाण्याला पाठवा", "येरवड्याला पोचवा" असं असायचं. तिथली मनोरुग्णालयं प्रसिद्ध होती ना! गुजरातेतही अहमदाबाद, वडोदरा, जामनगर आणि भूज इथे अशी सरकारी रुग्णालयं आहेत. त्यामुळे मनाचा डॉक्टर म्हटलं की उंच भिंत आणि लोखंडी दरवाजा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आज बहुतेक पेशंट ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी जातात. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे मनोविकार विभाग इतर विभागांसारखाच आहे. केसबारीवर केसपेपर काढायचा आणि त्या विभागात जाऊन बसायचं. शेजारच्या रांगेत कंबरदुखीवाले असतात. तुम्ही कशासाठी आलात हे कुणी विचारत नाही. शहरात खासगी डॉक्टरही बरेच आहेत.

दोन शब्दांची गल्लत होते, ती इथेच मिटवू. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. तो औषध लिहू शकतो. सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, चाचण्या घेतात, पण गोळ्या लिहीत नाहीत. काही आजारांत बोलणं पुरतं, काहींत गोळ्या लागतात, पुष्कळदा दोन्ही लागतात. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला विचारा. तो योग्य जागी पाठवेल.

पहिल्या दिवशी काय होतं

पहिली भेट प्रश्नांची असते. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात मन लागतं का, दारू-तंबाखू किती, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. यातलं काही लपवू नका. विशेषतः दारूचं आणि आधी झालेल्या उपचारांचं. डॉक्टर पोलीस नाही आणि सासराही नाही.

एक प्रश्न ऐकून घरचे दचकतात. "जीव द्यावासा वाटतो का?" डॉक्टरने हे विचारल्यामुळे तो विचार डोक्यात शिरत नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला उलट हलकं वाटतं, कारण इतके दिवस ते ओझं तो एकटाच वाहत असतो. हा प्रश्न घरच्यांनीही शांतपणे विचारायला हरकत नाही.

सोबत रोज घरात राहणारं माणूस न्या. सोबतच्याने सांगावं, पण पेशंटच्या वाटचं सगळं बोलू नये. डॉक्टर थोडा वेळ पेशंटशी एकट्याने बोलतील, तेव्हा बाहेर थांबा आणि नंतर "आत काय बोललास" म्हणून खोदून विचारू नका. जुने कागद न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्या आणि काढेसुद्धा. बहुतेक वेळा रक्ताच्या काही तपासण्या सांगतात. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल तरी माणूस मलूल होतो, ते आधी बघावं लागतं.

भाषेचंही सांगतो. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलतो, व्यवहार गुजरातीत करतो. पण मनातलं दुखणं आईच्या भाषेतच नीट सांगता येतं. लिंबायत, उधना, दिंडोलीकडच्या आपल्या खानदेशी बायाबापड्यांचं तर अहिराणीशिवाय चालत नाही. अशा वेळी दोन्ही भाषा येणारं घरचं माणूस सोबत ठेवा. डॉक्टरलाही मोकळेपणाने सांगा, "साहेब, हे मला गुजरातीत सांगता येत नाही." त्यात कमीपणा नाही.

आपल्या शहराच्या कामाची पद्धतही सांगायला हवी. लूम्सवर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, डाइंग मिलमध्ये रात्रपाळी असते. पहिल्या काही दिवसांत गोळीने झोप येऊ शकते. चिठ्ठीवर "रात्री एक" लिहिलंय आणि तुमची रात्र मशीनवर जाते, हे डॉक्टरला माहीत नसेल, तर अपघाताला आमंत्रण आहे. "मी रात्रपाळी करतो, मशीनवर असतो, मोटारसायकलने येतो-जातो", हे पहिल्याच भेटीत सांगा. गोळीची वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते.

पहिले सहा आठवडे

आता माझ्या खिडकीवरची गोष्ट. एक तरुण मुलगा पहिली चिठ्ठी घेऊन गेला आणि आठव्या दिवशी उरलेली पट्टी परत द्यायला आला. म्हणाला, "साहेब, या ठेवून घ्या, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतील. मला फरक तर पडला नाही, वर मळमळायला लागलं." मी त्याला बाजूला घेऊन जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

नैराश्य आणि चिंतेवर जी औषधं नेहमी दिली जातात, एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन वगैरे, त्यांचा त्रास आधी येतो आणि गुण नंतर. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, ॲसिडिटी, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला सहा आठवडेही लागतात. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात काम करते, म्हणून आपण या गोळीकडूनही तीच अपेक्षा करतो. शेतात बी पेरल्यावर चौथ्या दिवशी उकरून बघणाऱ्याला काय म्हणाल? खानदेशातून आलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

तो मुलगा त्याच दिवशी परत डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि डोस काही दिवस अर्ध्यावर आणला. पुढे तो दर महिन्याला खिडकीवर येत राहिला.

या सहा आठवड्यांत घरच्यांनी दोन कामं करायची. पहिलं, गोळ्यांची पट्टी घरच्या जबाबदार माणसाने आपल्याकडे ठेवायची आणि रोजची गोळी हातात द्यायची. दुसरं, लक्ष ठेवायचं. विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढली, झोप पार उडाली, मरणाच्या गोष्टी निघाल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं.

मग बरं वाटायला लागतं, आणि दुसरा धोका तिथेच असतो. माणूस म्हणतो, झालो बरा, कशाला गोळ्या! पहिल्यांदाच झालेल्या नैराश्यातसुद्धा बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा होत असेल तर जास्त. बंद करायचं तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू उतरवत. एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, अंगात झटके आल्यासारखं होतं, आणि आजार परत येतो तो वेगळाच.

पुरुष मंडळी एका कारणासाठी गोळ्या गुपचूप सोडतात, ते इथे सभ्य शब्दांत सांगतो. काही गोळ्यांनी पती-पत्नीच्या संबंधात अडचण येते. ती बहुतेक वेळा कायमची नसते आणि तिच्यावर उपाय असतो. काही गोळ्यांनी वजन वाढतं, शुगर वाढते, तेही खरं आहे. हे सगळं डॉक्टरला रोजचं आहे. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, पण सांगा.

सणवार, उपवास आणि जागरण

आपण उत्सवी माणसं आहोत, म्हणून हे वेगळं सांगतो. ज्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतं, म्हणजे बायपोलर आजार असतो, त्यांतल्या काहींना लिथियम हे औषध देतात. १९४९ पासून माहीत असलेलं, स्वस्त आणि फार गुणकारी औषध. पण त्याचं रक्तातलं प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावं लागतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते प्रमाण चढतं. जुलाब-उलट्यांत चढतं, काही वेदनाशामक गोळ्यांनी चढतं. आता हरतालिकेचा निर्जळी उपवास आठवा. लिथियम घेणाऱ्या आमच्या बहिणीने तो डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. हातांचा जोराचा थरकाप, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं असं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

दुसरं जागरणाचं. बायपोलरच्या पेशंटची लागोपाठ दोन-तीन रात्री झोप गेली, तर उन्माद उसळू शकतो. दहा दिवसांची सजावट, ढोल-ताशांची तालीम, विसर्जनाची रात्र, पुढे लगेच नवरात्र. त्याला उत्सवातून काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याला दिवसाचं काम द्या आणि रात्री अकराला घरी पाठवा. कार्यकर्त्यांनी तेवढं सांभाळलं तरी पुष्कळ होईल.

फोनवरचा दवाखाना

आता व्हिडिओवर दाखवण्याबद्दल. २५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यामुळे फोनवरून किंवा व्हिडिओवरून दाखवणं नियमात बसतं. पण नियम माहीत हवेत. डॉक्टरने आपली ओळख दिली पाहिजे आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक पाहिजे. तो तुमचं नाव, वय विचारून खात्री करून घेईल. प्रत्यक्ष तपासायची गरज वाटली तर तो तुम्हाला बोलावू शकतो. आणि तुम्हाला प्रत्यक्ष यायचं असेल, तर "फोनवरच दाखवा" असा आग्रह तो धरू शकत नाही. काही औषधं, विशेषतः मादक पदार्थांच्या कायद्याखाली येणारी, फोनवर लिहून देण्यावर बंधनं आहेत. डॉक्टर नाही म्हणाला तर तो टाळत नाहीये, नियम पाळतोय.

माझ्या मते या सोयीचा खरा उपयोग दुसऱ्या चिठ्ठीपासून पुढे आहे. ओपीडीत अर्धा दिवस गेला की रोजंदारीवाल्याची दहाडी बुडते. शिमग्याला, लग्नसराईला आपण नंदुरबार-भुसावळ लाइनवर गावी जातो, तिथे गोळ्या संपतात आणि महिनाभर खंड पडतो. अशा वेळी आपल्या नेहमीच्या डॉक्टरशी व्हिडिओवर दहा मिनिटं बोलणं झालं, तर उपचार तुटत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून ठेवा, "साहेब, पुढची भेट फोनवर चालेल का? गावी असलो तर काय करू?" सरकारी ई-संजीवनी सेवेतही जवळच्या आरोग्य केंद्रात बसून मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय आहे. गावाकडच्या नातेवाइकांना हे सांगा.

व्हिडिओच्या भेटीला बसताना चार गोष्टी करा. एक, सुरुवातीलाच आपण कुठे आहोत तो पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर द्या. मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे डॉक्टरला कळलं पाहिजे. दोन, जागा शोधा. एका खोलीच्या घरात सासू समोर बसलेली असताना सून काय बोलणार? गच्ची, बंद गाडी, मैत्रिणीचं घर, काहीही चालेल. कानात इअरफोन घाला, निदान डॉक्टरचं बोलणं बाहेर जाणार नाही. तीन, गोळ्यांच्या पट्ट्या आणि शेवटची चिठ्ठी हाताशी ठेवा. चार, काय सांगायचं ते कागदावर लिहून बसा.

कोणत्या वेळी फोनवर अवलंबून राहायचं नाही, हेही ऐका. जीव द्यायची भाषा असेल किंवा प्रयत्न झाला असेल. माणूस खातपीत नसेल. कानात आवाज येतात म्हणत असेल, मारायला धावत असेल. बाळंतपणानंतर बाई एकदम विचित्र वागायला लागली असेल. वयस्कर माणूस एका-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागला असेल, कारण तिथे पुष्कळदा ताप, लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं सोडियम कमी होणं असं कारण निघतं. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट इस्पितळ.

आणि मोबाइलवर "सात दिवसांत डिप्रेशन मुळापासून" अशा जाहिराती येतात. आधी पैसे, मग कुरिअरने पुडी. ज्याच्या नावापुढे नोंदणी क्रमांक नाही आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, त्यापासून लांब राहा.

एक नंबर लिहून घ्या

ज्यांना अजून दवाखान्याची पायरी चढायची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर आहे १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, वीस भाषांत आहे आणि त्यात मराठी आहे. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज पडली तर तो पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. पेशंटच्या घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. एवढा नंबर आज मोबाइलमध्ये घालून घ्या. तुम्हाला नाही लागला, तर शेजाऱ्याला लागेल.

घरच्यांसाठी

शेवटचं. मूळचे धुळ्याकडचे प्रा. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. स्किझोफ्रेनिया त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला. तो झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी पुण्यात या आजाराच्या जागृतीसाठी संस्था उभी केली आणि २००४ च्या "देवराई" या चित्रपटामागे उभे राहिले. अतुल कुलकर्णी यांनी त्यात पेशंटची भूमिका केली आहे. जमलं तर घरी सगळ्यांनी मिळून बघा. आपल्याच मुलखातला एक माणूस हे उघडपणे बोलू शकला, तर आपणही चारचौघांत निदान आवाज खाली न घेता बोलू शकतो.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दोन कार्यकर्ते आणि दोन भगिनी अशी चार नावं ठरवावीत. ज्या घरात सोबत जाणारं कुणी नाही, तिथल्या पेशंटबरोबर त्यांनी ओपीडीत जावं. पहिल्या वेळी तर जावंच, पण मुख्य म्हणजे दुसऱ्या वेळी जावं.

एवढं बोलून थांबतो. मोरया!

श्रोत्यांचे प्रश्न

*या गोळ्यांची सवय लागते का?*

सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, फक्त त्या एकदम सोडायच्या नसतात. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, जसं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. म्हणून त्या थोड्या दिवसांसाठी आणि सांगितल्या तेवढ्याच घ्यायच्या. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम देताना मेडिकलवाल्याला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहावं लागतं आणि ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. त्याने चिठ्ठीशिवाय दिली नाही, तर त्याच्याशी भांडू नका.

*ऑफिसात किंवा नात्यात कळलं तर?*

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावं, असं त्यात आहे. पण ओपीडीचा खर्च तुमच्या पॉलिसीत बसतो का, ते मात्र वाचून बघा. शॉकची भीती असणाऱ्यांसाठी तोच कायदा सांगतो, की भूल दिल्याशिवाय ते उपचार करायला बंदी आहे.

*कुणी औषध पिऊन घेतलं तर पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात खोटं सांगतात.*

खोटं सांगितल्याने उपचार चुकतात. काय प्यायलाय ते खरं सांगा, बाटली सोबत न्या. २०१७ च्या कायद्याने असं करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानलं जातं आणि तिच्यावर शिक्षेची कारवाई करायची नसते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. त्या माणसाला जीव वाचल्यावर मनोविकार विभागात दाखवणं, हा उपचाराचाच पुढचा भाग आहे.

*लग्न ठरलं की मुलीच्या गोळ्या बंद कराव्या का?*

हा प्रश्न विचारल्याबद्दल मावशींचे आभार, कारण माझ्या खिडकीवरचे बरेच पेशंट लग्नसराईतच नाहीसे होतात. बंद करू नका. लग्नाची धावपळ, जागरण, नवं घर, अशा वेळी औषध तोडणं म्हणजे ऐन पावसाळ्यात छप्पर काढणं. मूल होण्याचा विचार असेल तर डॉक्टरला आधी सांगा. काही औषधं, जसं व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपायकारक असतात, ती आधीच बदलावी लागतात. आणि सोयरिकीत ही गोष्ट लपवू नका. लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात जाऊ शकतं. सांगून केलेल्या लग्नात निदान रात्रीची गोळी समोर बसून घेता येते.

*आम्ही आधी देवाचं करतो, ते चूक आहे का?*

मी स्वतः वर्षाला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातो. नवस करा, फेडा, अंगारा लावा. फक्त देवाच्या दारी कुणाला बांधून ठेवू नका, मारू देऊ नका आणि गोळीची वेळ चुकवू नका. गडावर जाताना पट्टी पिशवीत असू द्या.